सगळ्यात वरचा मुकादम

आबा आजारी पडले त्या हिवाळ्यात जुईनगरच्या आमच्या घरात दुपारी फार लांबायच्या. खिडकीतून पांढुरका उजेड यायचा, भिंतीवर पाण्यासारखा हलत राहायचा, आणि आबा, माझे वडील, त्याच्याकडे बघत अर्धवट झोपेत पडलेले असायचे. थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कांदा-बटाट्याच्या बाजारात गोण्या उचलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वजनाचा अंदाज असतो. त्यांचं मागणं एकच होतं, धाकट्याला एकदा बघायचंय.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. फौजेत, बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं त्याचा फोन यायचा. आबांचं काही खरं नाही, एवढं मी त्याला सांगितलं. रजेचं बघतो, असं तो म्हणाला आणि लाईन गेली.

आबा म्हणाले, मग त्याच्या मुकादमाला सांगू.

आबा स्वतः माथाडींच्या टोळीचे मुकादम होते. साताऱ्याकडून आलेली सगळी माणसं, आणि त्यांच्यात रजेची एक रीत होती. गड्यानं स्वतः रजा मागायची नाही. त्याच्या घरचं कुणीतरी मुकादमाच्या दारी यायचं, घरात काय झालंय तेवढं सांगायचं, चहा प्यायचा आणि जायचं. 'रजा द्या' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाकीचं मुकादमानं ओळखायचं. आमच्या उंबऱ्यावर अशी कितीतरी बायामाणसं-म्हातारी मी लहानपणापासून पाहिली आहेत.

फौजेतही असंच असणार, याबद्दल आबांना शंका नव्हती. दार कुणाचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्यांनी एकदम सगळ्यात वरचं धरलं. मी मुळात तापट, त्यात रात्ररात्र जागरण. मोबाइल काढला आणि फणकाऱ्यानं वाचूनच दाखवलं. भूदल, नौदल, हवाई दल यांचे तीन प्रमुख वेगळे. त्या तिघांचा मेळ घालायला संरक्षण दल प्रमुख. तो सर्वांत ज्येष्ठ, मंत्र्यांना सल्ला देणारा. पण त्या तिघांना हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही. मग तुमच्या पोराची रजा तो कुठून देणार?

"मुकादम तरी कुठं गोणी उचलतो?" आबा म्हणाले. "कुनाच्या पाठीवर किती हाय, ते त्यानं बघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडून आबा म्हणाले, ते सगळ्यात वरचे साहेब येऊन गेले. उशाशी बसले होते म्हणे, टोपी मांडीवर घेऊन. खोलीभर बर्फाचा वास सुटला होता. आबांनी विचारलं, माणसं किती तुमच्याकडं? साहेब म्हणाले, सगळी माझीच, पण नावानं हाक कुणालाच मारता येत नाही. मला आधी हसू आलं, मग मी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. त्या दिवसांत झोप आणि जाग यांच्यात साधा पडदाही उरला नव्हता. खोलीत शिरताना मीही नकळत पदर सारखा करू लागले होते.

शेवटी मी त्या साहेबांना पत्र लिहायला बसले. आबा सांगत गेले. मुलगा अमुक चौकीवर आहे. बाप अंथरुणाला खिळलाय. जेवण तुटलंय, डोळे दाराकडे लागतात. बाकी सगळं क्षेमकुशल. रीतीप्रमाणे रजेचा शब्द कुठेही नव्हता. पाकिटावर दिल्लीचा पत्ता घातला आणि सकाळी टाकू म्हणून ठेवून दिलं.

सकाळी धाकट्याचा फोन आला. रजेचा नंबर त्याचाच लागला होता. तो त्यानं चौकीवरच्या जोडीदाराला दिला होता. जोडीदाराच्या बायकोचं बाळंतपण अवघड सांगितलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ओरडले, बायका काय रोज बाळंत होतात, बाप एकदाच मरतो. बोलून गेले आणि स्वतःचीच लाज वाटली. आबा रोज तुझं नाव घेतात, हे सांगायच्या आत लाईन गेली.

आबांनी सगळं ऐकलं होतं. ते त्याला चार शिव्या घालतील, असं मला वाटलं, नव्हे, मला ते हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "फाड ते पत्र."

"आबा, राहू दे की. कुठं काय बिघडतंय?"

"न्हाय. त्यानं नंबर दिला. आता मी वरनं सांगितलं तर त्या गड्याला अर्ध्या वाटंतनं माघारी फिरवतील. टोळीत असं चालत न्हाय."

मी पत्र फाडलं. त्यांनी कूस बदलली. खांदे हलत होते, आणि मी वेडी, उशीला हात लावून ओली झालीय का ते बघत बसले.

त्यानंतर सहाव्या दिवशी आबा गेले. धाकटा पोचला तेव्हा दहावा उरकला होता. ओठ फुटलेले, गालाची कातडी सोललेली. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढून मी समोर बसले, तेव्हा खाली बघत त्यानं विचारलं, "ताई, आबांनी मला बोलावलं होतं का?"

आयुष्यात मी कधी जीभ आवरलेली नाही. तेव्हा आवरली.

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागला.