हिरवळीला खत घातलं त्या दिवशी

इथे परदेशात आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटना मागच्या दारी हिरवळीचा एक तुकडा मिळतो. शेजारच्या चिनी काकांचा तुकडा बघत राहावा असा. आमचा मात्र जागोजागी टक्कल पडलेला, म्हणजे साधारण माझ्या डोक्यासारखा. मी कधी मातीला दोष द्यायचो, कधी समोरच्या झाडाच्या सावलीला. पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई खुर्चीवर बसून ऐकायची आणि म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं."

आईला स्वतःला त्या हिरवळीत फक्त कडेची पट्टी प्रिय होती, कारण तिथे दूर्वा उगवल्या होत्या. आल्या आल्याच तिने त्या शोधून काढल्या. "बघ, गणपतीची सोय झाली की इथे!" असं म्हणून ती रोज आंघोळ झाली की वाकून दूर्वा खुडायची. इकडच्या देवघरात सुपरमार्केटातली फुलं वाहताना तिचा जीव कसनुसा व्हायचा. दूर्वांमुळे तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्या शनिवारी बायको ऑफिसच्या कामाने जकार्ताला गेलेली होती. नर्सरीतून आणलेली खताची पिशवी मी फोडली. दुकानदार म्हणाला होता, यात खतही आहे आणि तण मारायचं औषधही, एका दगडात दोन पक्षी. तुआसच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दिवसभर पंपांशी झटापट करणारा मी, मला गवताचं काय एवढं! हातमोजे घालून दाणे फेकले, वरून पाइपने पाणी मारलं आणि मुलीला बजावलं, "आज गवतावर पाऊल ठेवायचं नाही." आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिला वेगळं काही सांगावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी आंघोळ करून बाहेर आलो तर मुलगी सोफ्यावर मान मागे टाकून पडली होती. फ्रॉकवर रक्ताचे डाग, नाकाखाली हिरवी रेघ. इथल्या उकाड्यात तिचा घोळणा अधूनमधून फुटतो, त्यामुळे रक्ताचं मला फार वाटलं नाही. ती हिरवी रेघ बघून मात्र मी जागीच थांबलो.

"थांबलं रे रक्त," आई शांतपणे म्हणाली. "दूर्वांचा रस घातला, दोन-दोन थेंब नाकात. तुझ्याही नाकात घालायचे मी लहानपणी."

"दूर्वा कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच. तू पोरीला जाऊ नको म्हणालास, म्हणून मीच गेले."

मी मागच्या दाराकडे धावलो, पिशवी उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. मुलांना, प्राण्यांना दूर ठेवा. डोळ्यांत, नाकातोंडात गेल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. पुढचं मला वाचताच येईना, अक्षरं नुसती हलत होती.

मग मी आईवर ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो. "विचारायचं नाही का? औषधाच्या नावाखाली काहीही घालतेस पोरीच्या नाकात!" आई खलबत्ता उचलून सिंककडे गेली आणि पाठ करून तशीच उभी राहिली. मी मुलीचं नाक नळाखाली धरलं, ती ठसकली, रडली. मग तिघं टॅक्सीत बसलो. पिशवी माझ्या मांडीवर.

सगळ्या वाटेत मी पोरीचा श्वास ऐकत होतो. ओठ निळे पडले का, डोळे जड झाले का, दर सिग्नलला तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बघायचो. देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. शेवटी तीच इथल्या शाळेतल्या इंग्रजीत वैतागली. "बाबा, आय अ‍ॅम ओके लाह! व्हाय यू शाउट अ‍ॅट आजी?"

आजी खिडकीबाहेर बघत होती.

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी पिशवी वाचली, मुलीचं नाक धुतलं, घसा पाहिला, छातीला नळी लावली. चार थेंबच गेलेत, तेही लगेच धुतलेत, म्हणाल्या. थोडा वेळ इथेच बसा, पण मला काळजी वाटत नाही. माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीवर बसलो आणि तेव्हाच आईने माझी बाही ओढली.

"हे नाकाऐवजी पोटात गेलं तर काय होतं रे?"

"कोणाच्या पोटात?"

"वाटीत बराच उरला होता. देवाच्या दूर्वा, टाकवेना. पित्तालाही बरा असतो म्हणून पिऊन टाकला."

मी पुन्हा काउंटरवर गेलो. मघाशी सगळ्यांच्या आधी घुसून ओरडणारा मी, आता हळू आवाजात आईचं सांगितलं. वय विचारलं तर आईचं वय आठवेना. तिला आत नेलं, पलंगावर झोपवलं, बोटाला चिमटा लावला, रक्त घेतलं. पोटातलं औषध किती, ते वयाला किती झेपेल, रिपोर्ट आल्यावर बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वेळी "काळजी वाटत नाही" हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

संध्याकाळी तिला सोडलं. काही झालं नव्हतं. पण ते संध्याकाळी. त्याआधीची ती अख्खी दुपार मी पडद्यामागे स्टुलावर बसून मशीनवरचे आकडे बघत होतो, आणि मुलगी आजीच्या पायाशी वेडीवाकडी झोपली होती.

"आई, घरीच बोलली का नाहीस? टॅक्सीत तरी?"

"तू आधीच एवढा घाबरला होतास," ती म्हणाली. "त्यात माझी भर कुठे घालू?"

मी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. सिंकपाशी पाठ करून उभी होती, तेव्हापासूनच ती एकटी घाबरत असणार.