मारुतीनं गाडी थांबवली नव्हती

आमच्या भागात मारुतीच्या महिम्याची एक गोष्ट सांगतात. परभणीच्या रस्त्यावर एका फाट्याला मारुतीचं लहानसं देऊळ आहे. दत्तराव नावाच्या एका सज्जन माणसाला दवाखान्यात नेत असताना सरकारी गाडी चालता चालता नेमकी त्या देवळासमोर बंद पडली, काही केल्या हलेना, आणि दत्तरावांनी मारुतीच्या दारात प्राण सोडला. मारुतीनंच गाडी थांबवली आणि भक्ताला आपल्याजवळ घेतलं, असं लोक मानतात. एका सप्ताहात महाराजांनी कीर्तनातही ही गोष्ट सांगितली. तेव्हा मी श्रोत्यांत मान खाली घालून बसलो होतो आणि शेजारच्यांना ती माझी भक्ती वाटली. त्या गाडीचा ड्रायव्हर मी होतो. गोष्ट खरी नाही. ती पहिल्यांदा मीच सांगितली.

आता वय झालं आहे. हातपाय चालतात तोवर हे लिहून ठेवावं, म्हणून बसलो आहे.

तालुक्याच्या दवाखान्याची गाडी मी हयातभर चालवली. अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं, रस्त्यावर उलथलेल्या मोटारसायकलींची तरणी पोरं, सगळी माझ्या मागं झोपून परभणीला गेली. या कामात माणूस जिवंत पोचला तर ड्रायव्हरकडं कुणी पाहत नाही, आणि नाही पोचला तर सगळे त्याच्याकडेच पाहतात. झोप कधी पुरी झाली नाही. नोकरी सुटून इतका काळ गेला, तरी ती अजून पुरी झालेली नाही. अशा कामात माणूस कशाला तरी धरून राहतो. मी त्या फाट्यावरच्या मारुतीला धरलं होतं.

पेशंट गाडीत असला की मी तिथं थांबायचोच. इंजिन बंद करायचं, चप्पल काढून खाली उतरायचं, पायरीला डोकं टेकायचं आणि देवाच्या पायाचा शेंदूर बोटावर घेऊन पेशंटच्या कपाळाला लावायचा. नातेवाइकांना धीर यायचा. कितीतरी बाया आपणहून म्हणायच्या, "दादा, मारुतीला थांबा बरं का." इंजिन चालू ठेवून हात जोडणं मला कधी पटलं नाही. कुणाच्या दारात जाऊन घोड्यावर बसूनच रामराम करावा, तसं ते वाटायचं. माझ्या गाडीत माणूस दगावत नाही, असं मी लोकांना सांगायचो. दगावली होती काही माणसं. ती मी धरत नव्हतो.

दत्तरावांच्या छातीत कळ आली तो दिवस कापूस वेचणीच्या हंगामातला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाले, "कुठं थांबू नका, सरळ परभणी गाठा." मागं त्यांच्या पत्नी गयाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर, त्या आठवड्यात कुरकुरत होता. मेकॅनिकनं बजावून सांगितलं होतं, की दुरुस्ती होईपर्यंत वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. हे मला माहीत होतं. तरी फाटा आला तसा मी थांबलो, आणि सवयीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. देवापुढं इंजिन चालू कसं ठेवायचं?

शेंदूर लावलेलं बोट घेऊन परत आलो, पण मागं जाण्याआधी सेल्फची आठवण झाली. चावी फिरवली. टक् असा आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. तिथं रस्ता चढाचा आहे, एकट्यानं गाडी ढकलणं शक्य नव्हतं. मी शेतातून पळत सुटलो. लांब कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, त्यांना हाका मारल्या. त्या बिचाऱ्या ओटीतला कापूस तिथंच टाकून धावत आल्या आणि सगळ्यांनी मिळून धक्का दिला. गाडी चालू झाली. पण आधी मागून गयाबाईंचा "अहो, अहो" असा आवाज सारखा येत होता, तो थांबला होता.

एका बाईनं मला विचारलं, "काय झालं व्हतं दादा?"

मी म्हणालो, "चालता चालता बंद पडली."

"आता बया! नेमकी मारुतीपुढं?"

मी बोटावरचा शेंदूर पँटीला पुसला. त्या बाईनं देवळाकडं पाहून हात जोडले आणि गोष्ट तिथून सुरू झाली. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये पत्रा होता, गयाबाईंना काहीच दिसलं नव्हतं. गाडी थांबली आणि निघेना, एवढंच त्यांना कळलं. चौकशी झाली ती सेल्फची झाली, माझी झाली नाही. त्यानंतर मी पेशंट घेऊन कधी त्या फाट्यावर थांबलो नाही. तिथून जाताना दुसऱ्या बाजूच्या शेतांकडं पाहायचो. घरी देवपूजा चालू होती, पण मारुतीच्या तसबिरीला फूल वाहताना हात आखडायचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडं कसा जाळ होता ते परभणीच्या माणसाला सांगायला नको. माझी बायको ऐकत नाही, गच्चीवर कुरडया घालत बसली. मी खालून हाक मारली तर ओ आली नाही. वर जाऊन पाहतो तर भिंतीला टेकून बसलेली, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि मला ओळखेना. तिच्या कधीच्या वारलेल्या भावाच्या नावानं मला हाका मारायला लागली. मग झटका आला. शेजाऱ्यांनी फोन केला आणि दवाखान्याची गाडी आली. तिच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, सलाईन लावली आणि मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी पेशंटच्या गाडीत स्टिअरिंग हातात नसताना बसलो.

ड्रायव्हर चाळिशीचा, राकट, गालात सुपारी धरलेला माणूस होता. परभणीच्या रस्त्याला लागलो. पुढं तो फाटा होता. मला वाटलं, इतकी वर्षं मारुती गप्प होता, आज तो माझ्याकडून वसूल करणार. उतरून नाक घासलं नाही, तर ही पोचत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "जरा गाडी थांबवा."

"काय झालं बाबा? मळमळायलंय का?"

"न्हाई. मारुती आलाय. पाया पडायचंय."

तो रस्त्यावरची नजर न काढता हसला. "देव कुठं पळून जायलाय का बाबा? तो हाय तिथंच ऱ्हातो. मावशीला आधी पोचवू, मंग तुमी खुशाल दंडवत घालत या परभणीहून."

"तुला कळत न्हाई. मी या देवाचा लय मोठा..." माझा हात दाराच्या कडीवर गेला.

"ओ! हात काढा तिथनं!" तो असा ओरडला, की मागून डॉक्टरीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. "काय न्हाई मॅडम, बाबाला देव भेटायलाय." मग मला म्हणाला, "तो मारुती मलाबी हाय. हे बगा." देऊळ आलं, तशी त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवूनच मान जराशी लववली. गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही. "झालं, पोचला नमस्कार. आता बाटलीतलं पाणी प्या, न्हाई तर तुमालाबी मागंच टाकावं लागंल."

देऊळ मागं पडलं. आरशात मी ते लहान होत जाताना पाहिलं. काही झालं नाही. कुठं आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. गाडी फक्त चालत राहिली, आणि मी पंच्याचा बोळा तोंडावर धरून रडलो. त्या माणसाची मान किती थोडी लवली होती! तेवढीच पुरत होती. दत्तराव माझ्या मागं होते त्या दिवशीही तेवढीच पुरली असती. माझी पायरी, माझा शेंदूर, माझी चप्पल काढायची रीत, यात मीच फार होतो.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी ड्रायव्हरचे पाय धरावेत म्हणून बाहेर आलो, तर गाडी दुसऱ्या कॉलला निघून गेली होती. मी नावही विचारलं नव्हतं. पुढं चौकशी केली, पण तो कुठंतरी बदलून गेला म्हणतात. तो कोण होता, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ड्रायव्हर होता. मला तेवढं बस आहे. ज्या देवाला मी थांबून गाठत होतो, तो त्या दिवशी न थांबता माझ्याजवळ आला, एवढं मला आतून कळलं.

ती माणसात आली तेव्हा वॉर्डात तिच्या कॉटजवळ बसून मी तिला सगळं सांगितलं. बोलताना तिची जीभ अजून जड होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला कामून सांगायलाव? जिचा मालक गेला तिला सांगा."

गयाबाई आता चुडाव्याला लेकीकडं राहतात. पॅसेंजरनं गेलो. त्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "डायवर भाऊ? लय थकलाव की. बसा." मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. सेल्फचं सांगितलं, मेकॅनिकनं बजावल्याचं सांगितलं, चावी मीच फिरवली हे सांगितलं. आतून लेक दारात येऊन उभी राहिली.

गयाबाईंचे हात थांबले. "म्हंजे गाडी तुमी बंद केली?"

"हो."

"मारुतीनं न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "सगळे मला म्हणायचे, नशीबवान हाय तुझा मालक, देवाच्या दारात गेला. मला वाटायचं, एवढ्या दुनियेत माझाच मालक सापडला का याला? जरा जाऊ दिली असती गाडी तर काय बिघडत व्हतं? त्या दिवसापासून मी त्याचं तोंड पाहिलं न्हाई. हिच्या लग्नाची पत्रिका सगळ्या देवांना ठेवली, त्याला न्हाई ठेवली. शनिवारी बाया बोलवायला आल्या तर डोकं दुखायलंय म्हणायची." त्या रडायला लागल्या. "अन् त्याचा काय गुन्हाच नव्हता!"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या खोट्यानं या बाईला निदान समाधान मिळालं असेल. मी तिचा नवरा नेला आणि वर तिचा देवही नेला होता.

लेक चिडून म्हणाली, "काका, आता कामून आलाव? आईला पुन्हा रडवायला?"

"गप ग," गयाबाई म्हणाल्या. "त्यांनी यायलाच पायजे व्हतं. लय उशीर केला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमाला माफ केलं का न्हाई, ते मला आज कळंना. ते इचारू नका. मी या शनिवारी मारुतीला जाणार हाय. तुमी त्या दिवशी तिथं येऊ नका."

मी बरं म्हणालो. लेकीनं चहा आणून ठेवला, माझ्याकडं न पाहता. तो पिऊन, माझा फोन नंबर ठेवून निघालो.

देवावर भार टाकावा, असं आपण सहज बोलतो. मी त्याच्यावर माझा दोष टाकला होता, आणि त्यानं तो इतकी वर्षं गुपचूप अंगावर वागवला, एका बाईचा रुसवा सोसला. तो परत मागून घेतला तेव्हा मला कळलं, की शरण जाणं म्हणजे आपलं ओझं आपण उचलून त्याच्यासमोर उभं राहणं. पुढचं त्याच्याकडं. गयाबाईंची माफी माझ्या हातात नाही, आणि तिच्यासाठी मी नवसही बोललेलो नाही.

त्या शनिवारी मी घरीच होतो. बायकोला आधार देऊन अंगणात चार पावलं चालवत होतो, तेव्हा गयाबाईंच्या लेकीचा फोन आला.

"आई जाऊन आली," ती म्हणाली. "लय वेळ बसली. आधी भांडली त्याच्याशी, मंग बोलत बसली. उठायलाच तयार नव्हती."

मी काही म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला.