बापूच्या चंद्रावरचं तेरावं

"वर्षश्राद्ध कसलं, ताई? अजून तिचं तेरावं व्हायचंय."

बापू फोनवर हे इतक्या शांतपणे म्हणाला, की मी आधी गॅस बंद केला आणि मग खुर्चीत बसले. बापू माझा धाकटा भाऊ. रोह्याला राहतो. धाटावच्या कंपनीत शिफ्टवर जन्म काढून निवृत्त झाला. मूलबाळ नाही. त्याची बायको मंदा गेल्या कोजागिरीला गेली. तिचं तेरावं आम्ही सगळ्यांनी मिळून रीतसर केलं होतं. गोडाचं जेवण मीच वाढलं होतं. बापूने पानातला लाडू बोटाने बाजूला सारला होता, पण त्या गर्दीत कुणी लक्ष दिलं नाही.

मी मुळातच संशयी. घरात मला फौजदार म्हणतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण या वर्षभरात बापूने माझ्या संशयाला खाद्यही भरपूर पुरवलं. दिवाळीचा फराळ पाठवला तर तो परत. "जेवलास का?" विचारावं तर म्हणे, "अजून दुपार व्हायची आहे." तेही रात्री! पुढे पुढे त्याचा फोन भलताच माणूस उचलू लागला. "दादा मागाहून बोलतील, ताई. तिकडं अजून उजाडलं नाय." हे शेजारचे रशीदभाई. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. बापूच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते असं कळलं, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय याबद्दल माझी खात्रीच पटली. माणसाचं डोकं फिरलंय, नाहीतर कुणीतरी फिरवलंय.

मुलगा म्हणाला, "आई, मामाला घेऊनच ये. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतो. रोह्याचं घर सध्या कुलूप लावून बंद करू." म्हणून कोजागिरीच्या आदल्या दिवशी पहाटे मी निघाले. एका पिशवीत बेसनाचे लाडू, दुसऱ्या हातात बापूच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग.

नाशिकहून पनवेलपर्यंत एसटी आणि पुढे रोह्याची गाडी. जिते स्टेशन मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना भातं पिवळी व्हायला लागलेली दिसली. सुंदर होतं सगळं, पण माझं लक्ष नव्हतं. मी पेणला उतरले. बापू गेले काही महिने सारखा पेणला जातो, असं त्याच्याच बोलण्यात आलं होतं. त्याला गाठण्याआधी पुरावा गोळा करावा, असा माझा बेत होता.

पेणला माणूस जातो तो गणपतीच्या कारखान्यात, नाहीतर पापडांच्या दुकानात. दुकानात मी मिरगुंडं (पोह्याच्या पिठाचे छोटे पापड) घेतली आणि बापूचं वर्णन सांगितलं. दुकानदाराने लगेच समोरची गल्ली दाखवली. "दाढीवाले दादा ना? सुमनच्या कारखान्यात असतात." बापूला दाढी? आणि ही सुमन कोण? मी पदर खोचला आणि गल्लीत शिरले.

गणपती होऊन गेल्यावर या कारखान्यांत सामसूम असते. नुसते साचे आणि रंगाचे रिकामे डबे. सुमन माझ्या सुनेच्या वयाची निघाली. हात कोपरापर्यंत कागदाच्या लगद्याने भरलेले. तिने मला बसायला पाट दिला. मी सरळ विचारलं, बापू इथे काय करतो?

"दादा? चंद्र करून घेतला ना त्यांनी आमच्याकडून," ती म्हणाली. "एवढा, परातीएवढा. त्याच्यावं घरं. पुनवपाडा नाव ठेवलंय गावाला."

"चंद्रावर घरं?"

"व्हय. पन्नासेक घरं मी स्वतः चिकटवली. आणि प्रत्येक घराला काचेचं कौल पायजे बोलले. मी बोलले, एका घराला ठेवू. तर नाय, सगळ्यांना पायजे." ती हसली. "गेल्या अवसेला घेऊन गेले. तेराव्याला लागतोय, बोलले. कोण वारलं हो त्यांचं?"

तिला काय सांगणार? मी पाणी प्यायले आणि स्टेशनवर आले. बापूला वेड लागलंय, हा संशय आता संशय राहिला नव्हता. मला भीती वाटली. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन फिरले, त्याला असं घेऊन जावं लागणार होतं.

त्या तंद्रीत पुढच्या गाडीत बसले. एका स्टेशनवर बरेच लोक उठले, म्हणून मीही बॅग उचलली. समोरची बाई म्हणाली, "ओ ताई, रोहा नाय हे, निडी हाय. रोहा पुढं." आता या बाईची नजर मघापासून माझ्या खिडकीच्या जागेवर होती. मी तिला म्हटलं, "मला शिकवू नका," आणि ठसक्यात उतरले. गाडी हलली तशी समोर पाटी दिसली: निडी. खिडकीतून ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर हसत नव्हती. ते जास्त लागलं. पुढे मिनीडोर (सहा आसनी रिक्षा) मिळाली, तिच्यात कोंबून घेऊन उन्हं कलताना रोह्याला पोचले.

बापू ओट्यावर बसला होता. दाढी छातीपर्यंत, केसांना तेल नाही. मला पाहून उठला, पण "ये" म्हणाला नाही. चहा विचारला नाही. घरात गेले तर देव्हाऱ्याला पडदा, आणि बापूचं अंथरूण खाली चटईवर. मागच्या दाराने रशीदभाई डबा घेऊन आत आले, आणि मला बघून तसेच वळायला लागले. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं.

"थांबा, रशीदभाई. बापू, तू मला ये म्हणाला नाहीस."

"सुतकात ये म्हणत नाहीत, ताई. तूच शिकवलंस मला."

तेव्हा कुठे मला ते एकेक करून दिसलं. दाढी, तेल, चटई, पडदा, परत आलेला फराळ. हा माणूस वर्षभर सुतक पाळत होता. मी डॉक्टर तपासतात तसं त्याला विचारलं, "बापू, आज वार कोणता?"

"इथला सांगू की तिथला?" तो म्हणाला, आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

टेबलावर सुमनने केलेला चंद्र होता, पालथ्या परातीसारखा. त्याच्यावर नखाएवढी घरं, आड, पार, एक शाळा. वर तारेला टांगलेली निळी काचेची गोटी, ती आपली पृथ्वी. बाजूला एका लांब तारेच्या टोकाला छोटा बल्ब, तो सूर्य. बापू रोज संध्याकाळी बल्ब बोटभर पुढे सरकवतो.

"चंद्रावर सूर्य एकदा उगवला की पुन्हा उगवायला आपला एक महिना जातो," बापू म्हणाला. "म्हणजे आपला महिना हा त्यांचा एक दिवस. शुद्ध अष्टमीला पुनवपाड्यात उजाडतं. पुनवेला ऐन दुपार. वद्य अष्टमीला दिवेलागण आणि अवसेला मध्यरात्र. आपलं वर्ष म्हणजे त्यांचे बारा दिवस."

मी हार मानणारी नव्हते. "मग त्यांचा गणपती?"

"दीड दिवसाचा गणपती दीड महिना राहतो."

"एवढे मोदक कोण करणार?"

"बाप्ये करतात. बायकांनी साफ सांगितलंय."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. वेडा माणूस इतकं सरळ बोलतो का? मी उलटतपासणी चालूच ठेवली. तिथे घड्याळ कोणतं? बापूने निळ्या गोटीकडे बोट केलं. "हीच. ही तिथे उगवत नाही, मावळत नाही. आढ्यावर एकाच जागी असते आणि तिथल्या एका दिवसात अवसेची पुनव होते. तिच्याकडे बघून किती वाजले ते कळतं. म्हणून प्रत्येक घराला काचेचं कौल. झोपल्या झोपल्या दिसते."

"आणि मंदा?" मी विचारलं. माझा आवाज मला हवा तेवढा कडक निघाला नाही.

"ती या घरात." त्याने पाराजवळच्या घरावर बोट ठेवलं. "पितर पलीकडच्या अंगाला राहतात म्हणे. अवसेला त्यांची दुपार, म्हणून अवसेला पान वाढायचं. पण तिला पलीकडे करमणार नाही. इथून रोहा रोज एकदा समोरून जातं."

मग तो खाली बसला. "फर्स्ट शिफ्ट असली की ती चारला उठायची. नाइट असली की मी झोपेत म्हणून दिवसभर कढईसुद्धा वाजू द्यायची नाही. तिला स्वतःचं घड्याळ नव्हतंच, ताई. जन्मभर माझंच वापरलं. आता मी तिच्या घड्याळावर चालतो. तुम्ही सगळे चौदाव्या दिवशी गेलात, ते बरोबरच होतं. पण माणूस घरातून जायला तेरा दिवस पुरत नाहीत. तिथले तेरा मात्र पुरतात. गेल्याचा दिवस धरून मोज. गेल्या कोजागिरीला पहिला, उद्या तेरावा."

मी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं, कारण मी मीच आहे. बरोबर होतं.

रशीदभाई दारातच उभे होते. "आमच्यात नवरा गेला की बाईला चार महिने दहा दिवस देतात, ताई. बाप्याला कोण देत नाय. दादांनी आपले आपण घेतले," ते म्हणाले. "मी फक्त डबा आणतो. किल्ली घेतली, कारण दादा कधी कधी उठतच नव्हते." मी त्यांना बसा म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? घराचे कागद कुठे आहेत, हे विचारायचं मी ठरवून आले होते. ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई बापूला न्हाव्याकडे घेऊन गेले आणि मी बाजारात. दुखवटा (सुतक फिटताना नातेवाइकांनी द्यायचं नवं वस्त्र) आमच्यात बहीणही काढते. टॉवेल, टोपी आणि एक निळा सदरा घेतला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वरण-भात केला. बापू दाढी काढून आला तेव्हा गालांचा रंग दोन तऱ्हांचा दिसत होता. देव्हाऱ्याचा पडदा त्यानेच बाजूला केला. मंदाचं पान त्याने चंद्राशेजारी ठेवलं. बल्ब बरोब्बर माथ्यावर होता. गोटी, गाव आणि सूर्य एका ओळीत.

मी सदरा त्याच्या खांद्यावर घातला आणि लाडू मोडून त्याच्या तोंडाशी धरला. गेल्या वेळेसारखा हा पुन्हा बाजूला सारतो की काय, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्याने घास घेतला. बराच वेळ चावलाच नाही. मग चावता चावता रडायला लागला. मंदा गेली तेव्हा हा रडला नव्हता, आणि आम्ही सगळे म्हणालो होतो, धीराचा माणूस आहे. त्याचं डोकं मी पोटाशी धरलं आणि मीही रडले. रशीदभाई ओट्यावर जाऊन उभे राहिले.

दुपारी मुलाला फोन केला. "डॉक्टरांना नको म्हणून सांग." तो म्हणाला, "आई, म्हणजे मामा बरा आहे?" मी म्हटलं, चंद्रावर दीड दिवसाचा गणपती दीड महिना राहतो, माहिती आहे का तुला? आता तो बहुतेक माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेईल.

"चल माझ्याबरोबर नाशिकला," मी बापूला एकदा म्हटलंच. तो म्हणाला, येईन, पण राहायला नाही. "मग आता हा बल्ब?" "तो चालू राहणार. सुतक फिटलं म्हणून घड्याळ कुणी बंद करतं का?" रिकाम्या बॅगेत त्याने कडवे वाल आणि तांदूळ भरून दिले. गेल्या वर्षी या घरातून मी न सांगता निघाले होते, दुःखाच्या घराचा निरोप घेत नाहीत म्हणून. या वेळी उंबऱ्यात थांबून मोठ्याने म्हटलं, "येते रे, बापू." तो म्हणाला, "ये."

परतीच्या गाडीत निडी आलं तेव्हा मी पाटी नीट वाचून घेतली. मला शिकवणारी ती बाई कुठे दिसते का, तेही पाहिलं. कबूल करावंसं वाटत होतं, पण ती काही दिसली नाही. पेण गेलं. अंधार पडत होता तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, जेवलीस का?" बापूचा आवाज. वर्षभरात त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"गाडीत आहे. तू?"

"जेवलो. वरण-भात. आणि वर एक लाडू."

"खरंच? रशीदभाईंना दे फोन."

"व्हय ताई," रशीदभाई म्हणाले, "माझ्यासमोर खाल्ला."

फोन ठेवला. जित्याच्या आसपास डोंगरामागून कोजागिरीचा चंद्र वर आला, मोठा, पिवळसर. तिथे ऐन दुपार. मंदा रोह्याची. ती मला "ताई गो" म्हणायची, आणि मी तिला दरवेळी सांगायचे, की आमच्याकडे गो-बिगो कुणी म्हणत नाही. डब्यात समोर कोणी नव्हतं. तरी एकदा मागे वळून खात्री केली. मग खिडकीशी सरकून हळूच म्हटलं, "जेवला गो तो."