भाऊजींचे दात आणि बॉयलरच्या ट्यूबा

"वहिनी, तुमची ती पेस्ट म्हणजे निव्वळ धोका आहे!"

माझ्या खुर्चीत आडवे पडूनही भाऊजींचा आवाज वेटिंग रूमपर्यंत जात होता. "दीड महिना लावून राहिलो. मले काडीचा फरक नाही. उद्या रामदासपेठेत दोन दातांचं रूट कॅनाल आहे. तुम्ही फक्त एकदा पाहून द्या."

भाऊजी म्हणजे माझ्या नणंदेचे, शोभाताईंचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, बॉयलर मेन्टेनन्समधले. मी प्रताप नगरात दातांचा दवाखाना चालवते. घरात कोणाचंही लग्न असो, आइस्क्रीमच्या काउंटरपाशी दोनचार नातेवाईक माझ्यापुढे आ वासतातच. दीड महिन्यापूर्वीच्या लग्नात भाऊजींनीही तिथेच वासला होता. मी हातातली वाटी न सोडता "सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट लावा" असं सांगून मोकळी झाले होते.

आता मे महिना होता. घरातले सगळे माठाचं पाणी पीत होते, आणि भाऊजी एकटे नळाचं. नागपूरच्या मे महिन्यात नळच गीझर होतो. गार पाण्याचा एक घोट नीट घेता यावा, एवढ्यासाठी हा माणूस रूट कॅनालला तयार झाला होता.

मी दातांवर हवेचा फवारा मारला. भाऊजी खुर्चीतून उडाले. फवारा थांबवला, लगेच शांत. ही महत्त्वाची खूण. गार लागलं की कळ आणि गार काढलं की संपली, म्हणजे नस धडधाकट असते. नस बिघडली की कळ रेंगाळते, विनाकारणही उठते. दात ठोकून पाहिले, चावायला लावलं, एक्स-रे काढला. कीड नाही, तडा नाही. फक्त हिरडीलगत दोन दातांना खाचा पडलेल्या, कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारख्या.

रूट कॅनाल म्हणजे दाताची नसच काढून टाकणं. तीही चांगली नस! माझं डोकं तापलं. मी रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरांना फोन लावला.

"पेशंटनं पेस्ट वापरली मॅडम, रिस्पॉन्स नाही. मग आम्ही रूट कॅनाल सजेस्ट करतो."

"गार काढल्यावर कळ किती वेळ राहते, पाहिलंत?"

"ओपीडीत खूप गर्दी असते, मॅडम..."

"ते ब्रश कसा करतात, हे तरी विचारलंत?"

"ब्रश?"

मी तणतणत फोन ठेवला. आणि आठवलं, लग्नात मीही विचारलं नव्हतं. राग तसाच राहिला, फक्त त्यात आणखी एका डॉक्टरची भर पडली.

"भाऊजी, उठा. बेसिनपाशी दात घासून दाखवा."

उद्याच्या कामासाठी भाऊजी आणि शोभाताई दोघं आमच्याकडेच मुक्कामाला येणार होते, त्यामुळे पिशवी सोबत होती. शोभाताईंनी तिच्यातून ब्रश काढला, पेस्ट काढली, आणि मागून लाल मंजनाची डबी काढली.

"हे काय?"

"मंजन," भाऊजी म्हणाले. "पेस्टले फेस येत नाही ना. तोंड साफ झाल्यासारखं नाही वाटत. म्हणून पहिले पेस्ट, मंग मंजन."

मग प्रात्यक्षिक झालं. कोपर खांद्याच्या वर, काथ्यासारखा टणक ब्रश, आडवे रट्टे. शेवटी खळखळून चुळा आणि घसा खाकरण्याचा कार्यक्रम.

"अहो, बाहेर पेशंट बसले आहेत," शोभाताई कुजबुजल्या.

"काहून एवढं घासता, भाऊजी?" मी विचारलं.

"सारी नोकरी बॉयलरच्या ट्यूबा साफ करण्यात गेली, वहिनी. आत थर बसला का ट्यूब गेली समजा. घासल्याबिगर निघत नाही तो."

आता मला त्यांच्या भाषेत बोलता येणार होतं. "दातातही बारीक नळ्या असतात, भाऊजी. वरचं कवच झिजलं की त्यांची तोंडं उघडी पडतात, आणि गार पाणी तिथून नसेला झोंबतं. काही पेस्टा नस शांत करतात, काही त्या नळ्यांची तोंडं बुजवतात. तुमच्या बॉयलरमध्ये थर नको. इथं तो हवा आहे! पेस्ट थर बसवते, तुम्ही मंजनानं खरवडता आणि वरून चुळा भरून धुऊन टाकता!"

भाऊजी ब्रशकडे पाहत राहिले. "म्हणजे मी रोज नवीनच बसलेला थर काढून राहिलो?"

"मी म्हणत होती ना तुमाले, हळू घासा," शोभाताई म्हणाल्या. "पण घरच्या बाईचं कोण ऐकते?"

"अन् टीव्हीवर पेस्टच्या जाहिरातीतली ते बाई तं लगेच बर्फ खाते!" भाऊजी म्हणाले.

"तिला बर्फ खायचेच पैसे मिळतात. तुम्हाला काही आठवडे थांबावं लागेल."

रूट कॅनाल रद्द केलं. मंजन जप्त केलं. मऊ ब्रश, हलका हात, सकाळी आणि झोपताना पेस्ट, नंतर फक्त थुंकायचं, चूळ नाही. पहिले काही दिवस रोज फोन यायचा, "अजून काही नाही, वहिनी." मग फोन थांबले. पुढच्या महिन्यात पाहिलं तर एक दात पूर्ण शांत. दुसऱ्याची खाच खोल होती, तो निम्माच शांत झाला होता. तिथं दातांचं सिमेंट भरलं. पेस्ट खड्डा बुजवत नाही, हेही तिच्या खोक्यावर लिहायला हवं. दोन्ही दातांच्या नसा जागेवर आहेत आणि भाऊजी माठाचं पाणी पितात.

पेस्टनं काही होत नाही म्हणणाऱ्याला मी आता आधी बेसिनपाशी उभं करते. लग्नात ते जमत नाही, म्हणून तिथं फक्त आइस्क्रीम खाते.

भाऊजींचा तो टणक ब्रश शोभाताईंनी फेकला नाही. कूलरच्या पंपावर बसलेला क्षार त्यानं फार छान निघतो म्हणे.