हमद टाउनच्या मगरी

हसा हं, खुशाल हसा, पण चहा निवू देऊ नका. माझ्या हातून जे झालं त्याला मीसुद्धा हसलो होतो. म्हणजे, नंतर.

बहरीनमध्ये सनाबिसला मी एकटा राहतो. एका बिल्डिंगचे एसी आणि लिफ्ट सांभाळतो. बायको आणि मुलगी पुण्यात. मुलगी मनू, झूलॉजी करते. रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. तो कसा असतो?

"जेवलास?"

"बनवतोय."

"काय?"

"भात."

"बरं. ठेवू?"

संपलं! मिनिटसुद्धा होत नाही. मग मी आणि कुकर. कुकर निदान शिट्ट्या तरी मारतो.

एके दिवशी मनू म्हणाली, "बाबा, माझा प्रोजेक्ट अ‍ॅलिगेटर फार्मिंगवर आहे." अ‍ॅलिगेटर म्हणजे अमेरिकेतला, आपल्या मगरीचा चुलतभाऊ. मी म्हटलं, चला, विषय सापडला! दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये डबा बाजूला सारून मोबाईलवर जे मिळेल ते वाचून काढलं. आणि संध्याकाळी सुरू!

"मनू, तिकडचे फार्मवाले दलदलीतून अंडी गोळा करतात, पिल्लं वाढवतात आणि त्यातली काही मोठी झाली की परत दलदलीत सोडतात. जंगलात बरीचशी अंडी-पिल्लं कोणीतरी खाऊन टाकतं ना! शिवाय अंड्यांचे पैसे मिळतात, म्हणून जमीनवाला दलदल बुजवत नाही. कातड्याचा धंदा, पण त्याच्यावर जंगल टिकतं. आणि अंडं उचलताना वर खूण करतात, उलटं झालं की आतलं पिल्लू मरतं!"

चाळीस मिनिटं बोललो हो! भात करपला. काय आनंद झाला म्हणून सांगू.

"बाबा, तुला एवढं कसं माहीत?"

आता सरळ सांगायचं ना, की बाई, वाचलं! पण नाही. जीभ घसरली. "अगं, इथे ओळखीचे एक अबू खलील आहेत. त्यांचं फार्मच आहे. हमद टाउनच्या पुढे."

हमद टाउनच्या पुढे काय आहे? वाळू. पण थाप एकदा दारात आली की पाट मांडूनच बसते.

"किती आहेत?"

"चाळीस."

"बहरीनच्या उन्हात?"

"एसी लावलेत."

"मगरींना एसी?"

"इथे सगळ्यांनाच असतो गं!"

"आणि पिल्लं कुठल्या दलदलीत सोडतात?"

"सोडतील, इंशाल्ला."

मग काय, रोज फार्म! आज एका मादीने खाणं सोडलं, उद्या कंप्रेसर बिघडला. कंप्रेसरची माहिती मात्र शंभर टक्के खरी असायची, एवढं माझ्या बाजूने लक्षात घ्या. दुपारभर मी बिल्डिंगच्या गच्चीवर उभा राहून संध्याकाळच्या मगरी जुळवायचो. एकटं वाटायचं नाही. खरंच सांगतो, नाही वाटायचं.

आणि एक दिवस मनू म्हणाली, "बाबा, तिथल्या कातड्याचा एक तुकडा पाठव ना. कोणीतरी येत असेलच."

झालं! गल्फमधून काही पाठवायचं म्हणजे रजेवर जाणारा माणूस गाठायचा. इथेच मआमीर भागात राहणारा आमचा मोरे चार दिवसांनी निघणार होता. नाही म्हणावं तर फार्म बंद, आणि फार्म बंद झालं की पुन्हा "जेवलास? भात." ते नको होतं.

बॅग उपसली. तळाशी एक जुनं पाकीट, वर मगरीच्या कातड्यासारखी नक्षी. कधी कोणी दिलं आठवेना, वापरलेलंही नव्हतं. चष्मा न लावताच घेतली कात्री, झाकण कापलं, कागदावर चिकटवलं आणि लिफाफ्यात घालून मोरेकडे दिलं.

"काय आहे हो यात?" मोरे म्हणाला.

"सायन्स!" मी म्हटलं.

आठवड्याने सातला कॉल. मनूच्या हातात तुकडा. कागदावरून सोडवलेला.

"बाबा, हा अबू खलीलांकडचा?"

"अस्सल!"

तिने तुकडा उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरला. आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने, वेडंवाकडं: 'बाबा, हरवू नकोस. मनू.'

आठवलं. ती दुसरीत होती. मी पहिल्यांदा इकडे निघालो तेव्हा खाऊच्या पैशांतून तिने हे पाकीट तुळशीबागेतून घेतलेलं. अंडं उलटं करायचं नसतं हे मला पाठ होतं. पाकीट उलटं करून बघावं, एवढं नाही सुचलं. लाजेने मान वर होईना.

"चुकलो गं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "विचार त्यांना, त्यांच्या मगरी अंडी तुळशीबागेत घालतात का?" आणि खो खो हसत सुटली. डोळे पुसत होती, ते हसून की कशाने, कळलं नाही मला.

"तुला कधी कळलं?"

"एसी लावलास त्या दिवशी. आणि प्रोजेक्ट तर मी कधीच दिलाय. महिना होऊन गेला."

"मग रोज विचारत काय होतीस?"

"तू बोलत होतास ना, बाबा."

उरलेलं पाकीट आता माझ्या खिशात असतं, बिनझाकणाचं. कार्डं सांडतात.

दुसऱ्या दिवशी सातला कॉल आला. आता फार्म नाही, काही नाही. मी आपला तयारीत बसलो होतो.

"जेवलास?"

"बनवतोय."

"काय?"

"भात."

आता 'ठेवू?' म्हणणार, म्हणून मी फोनकडे बघत राहिलो.

"आणि मगरी जेवल्या का?"

आणि बघा, इतकी फजिती होऊनही हा शहाणा काय म्हणाला असेल?

"नाही गं. सकाळपासून त्यांचा कंप्रेसर बंद आहे."