दिनकरदादांचे बर्फातले शुक्रवार

दिनकरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या शीतगृहात, उणे अठरा अंशांत, गोठवलेल्या वाटाण्याच्या खोक्यांमध्ये उभा होतो. आत मोबाइलला रेंज नसते. बाहेर येऊन हातमोजे काढले आणि पाहिलं, तर सुधावहिनींचे चार कॉल येऊन गेले होते. उलट फोन लावायच्या आधीच काय ते कळून चुकलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पहिला झटका आला होता आणि दुसऱ्याची भीती डॉक्टरांनी तेव्हाच घातली होती... तरी मी लोडिंगच्या ओट्यावर फोन हातात धरून तसाच बसून राहिलो. ज्या खोलीतून मी बाहेर आलो होतो ती दादांनीच बांधली होती. दाराचं रबर, छतातले पंखे, भिंतीतलं इन्सुलेशन, सगळं त्यांच्या हातचं. बाहेरच्या दमट हवेनं चष्म्यावर धुकं धरलं होतं, त्यामुळे आपण रडतोय की काय हे माझं मलाच कळेना.

दिनकरदादा मूळचे चिपळूणचे. आयटीआय करून ऐंशीच्या सुमारास दुबईला आले आणि रेफ्रिजरेशनमध्ये इतके मुरले, की कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगायचे. मी पंधराएक वर्षांनी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं आणि एका खोलीत आम्ही पाच जण राहत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बर दुबईच्या आपल्या फ्लॅटवर जेवायला नेलं ते शुक्रवारच्या सुट्टीचं. मला वाटलं होतं, पुरणपोळी नाही तरी निदान गावाकडच्या गप्पा तरी मिळतील. मिळालं काय, तर पिठलं-भात आणि पुढे दोन तास टीव्हीवर बर्फ! एकामागून एक माणसं पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली येत होती, सगळी सारखीच दिसत होती आणि सांगणारा माणूस जर्मनमध्ये ओरडत होता. मला थंडीचा उपजतच तिटकारा. पोटासाठी शीतगृहात जातो तेवढं पुरे, सुट्टीच्या दिवशीही गारठा बघायचा म्हणजे अतिच झालं. पण हा माणूस गुडघ्यावर कोपरं टेकून, पुढे झुकून बसला होता. घरच्या नळाला उन्हाळ्यात उकळतं पाणी येणाऱ्या या गावात दादांनी आयुष्यभर थंडी तयार केली. आकाशातून पडलेला बर्फ मात्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

स्कीइंगच्या या शर्यतींचा मोसम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन मार्चमध्ये संपतो. शर्यती बहुतेक शनिवारी आणि रविवारी, म्हणजे तिकडे सुट्टी आणि इकडे ऑफिस. म्हणून दादा व्हिडिओला टायमर लावून जायचे आणि शुक्रवारी सगळ्यांनी मिळून कॅसेट बघायची असा घराचा रिवाज होता. निकाल आधी कळू नये म्हणून पेपरातलं खेळाचं पान आल्या आल्या घडी घालून फ्रिजवर जायचं, ते शुक्रवारी संध्याकाळी खाली यायचं. सुधावहिनी म्हणायच्या, "नवऱ्याला दारूचं व्यसन नाही म्हणून देवाचे आभार मानावेत, तर हे!" जर्मन कुणालाच कळत नसल्यामुळे खेळाडूंची नावं घरीच ठेवली गेली होती. ती कामगिरी सईची. सई ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. नारिंगी कपडे घालणारा एक धिप्पाड गडी होता तो भोपळा, नेहमी दुसरी येणारी एक जण होती ती उपविजेती आत्या. आणि सईची सगळ्यांत लाडकी होती ती वेणी. हेल्मेटखालून तिची लांब पिवळी वेणी बाहेर यायची आणि वळणावर अशी उडायची, की सईसुद्धा सोफ्यावर बसल्या बसल्या आपली मान हलवायची.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मीना बाजारजवळ रस्ता ओलांडताना सईला गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. जीव वाचला, हाडही जुळलं. डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता हिला चालवा, नाहीतर गुडघा आखडेल आणि तो कायमचा. पण सई उभीच राहीना. पाय टेकवला की तिला पडायची भीती वाटायची, आणि तिच्यापेक्षा जास्त भीती दादांना वाटायची. पलंगावरून सोफ्यावर, सोफ्यावरून बाथरूममध्ये, ते तिला उचलून न्यायचे. शेवटी काय केलं असेल त्यांनी? पाइपांवर चढवतो ते काळं फोम गोदामातून आणलं आणि घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला, टेबलाच्या कडांना, दारांच्या चौकटींना चिकटवलं. आम्ही माल थंड राहावा म्हणून भिंती मढवतो, या माणसानं पोरगी पडू नये म्हणून घर मढवलं! फिजिओथेरपीला एक केरळची सिस्टर यायची. तिनं ते बघून कपाळावर हात मारला. "साब, गिरने दो थोडा. फर्शपेही गिरेगी, समुंदर में थोडी गिरेगी!" दादा मान डोलवायचे आणि ती गेली की सईला पुन्हा उचलून घ्यायचे.

वेणीसुद्धा आदल्या वर्षी गुडघा मोडून घेऊन या मोसमात परतली होती. हे आम्हाला कळलं ते पडद्यावर दाखवलेल्या जुन्या चित्रांवरून. सईनं मनाशी काही पैज लावली असावी, कारण सिस्टर व्यायाम करून घेत असताना ती म्हणायची, "वेणी जिंकली की मी चालणार, प्रॉमिस." वेणी पहिल्या शर्यतीत बाविसावी आली, मग चौदावी, नाताळच्या आसपास सहावी. दादा खुशीत होते. मला ऑफिसात म्हणाले, "विलास, जानेवारीत होतंय बघ काम. इन्शाल्ला."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. कॅसेट सुरू झाली. वेणी आली, सुटली, पहिल्या टप्प्यावर तिचा वेळ हिरव्या आकड्यात दिसला, म्हणजे ती सगळ्यांच्या पुढे होती. सई टाळ्या पिटायला लागली. वेणी तिसऱ्या वळणावर आली आणि पडद्यावर एक बाई द्राक्षाच्या पानात भात भरायला लागली. लेबनानी स्वयंपाकाचा कार्यक्रम. आम्ही सगळे त्या भाताकडे बघत राहिलो.

"लाइट गेली असणार," दादा म्हणाले.

"बाबा, लाइट गेली तर कुकिंग कुणी रेकॉर्ड केलं?" सई म्हणाली. दादांना खोटं बोलता येत नसे, एवढा एकच अवगुण त्यांच्यात पुरेपूर होता. त्यांनी कॅसेटला दोष दिला, मग डिशला दिला, मग वाऱ्याला. सईनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "शी डाइड, नो?" त्यांनी नाही म्हटलं, पण ते इतक्या उशिरानं, की मलाही ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून सईनं व्यायाम बंद केला. सिस्टर आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

खरं काय ते दादांनी मला शनिवारी गाडीत सांगितलं. शुक्रवारी पहाटे त्यांनी कॅसेट एकट्यानं बघून घेतली होती, रिवाज मोडून, पहिल्यांदाच. आणि वेणी पडलेली पाहिली. इतकी जोरात, की पुढचं बघवलंच नाही. तिथेच टेप थांबवली आणि टीव्हीवर जे चालू होतं ते त्याच्यावर भरून टाकलं. "म्हणजे तिचं पुढे काय झालं?" मी विचारलं. "मला तरी काय माहीत? पेपरात नुसते पहिल्या दहांचे आकडे." ते रडकुंडीला आले होते. मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला सांगा. म्हटलं, "दादा, पोरीला वाचवायच्या नादात तुम्ही त्या वेणीला मारून बसलात." मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं. सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न मारायला लागले तरी गाडी तिथेच.

शर्यती दाखवणाऱ्या त्या जर्मन चॅनेलवर महिनाअखेरीस महिन्याभरातल्या शर्यतींचा आढावा दाखवत. त्या वेळी तो मंगळवारी दुपारी तीनला होता. जन्मात कधी अर्धी रजा न घेतलेला हा माणूस दोन वाजता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "यल्ला, गाडी काढ. आज तू चालव." वाटेत मी सुचवलं, रेकॉर्ड करून ठेवा, आधी आपण दोघं बघू, मग सईला दाखवायचं की नाही ते ठरवू. "नाही," ते म्हणाले. "आता जे असेल ते तिच्याबरोबर." तीनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी सईला उचलून सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, "बाळा, मी खोटं बोललो. वेणी पडली. तिचं पुढे काय झालं ते मलाही माहीत नाही. बघायचं का?" सईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही, नुसती मान हलवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

वेणी तिसऱ्या वळणावर आली, एक फळी बर्फात रुतली आणि ती उलटीपालटी होत जाळीवर जाऊन आदळली. मग हलेचना. दोन माणसं धावत आली. त्यांनी हात पुढे केले, तेव्हा पडल्या पडल्या वेणीनं आपला एक हात वर केला. मला वाटलं ती मदत मागतेय. पण ती त्यांना थांबा म्हणत होती. ती उठून बसली. सुटून गेलेली फळी शोधली, ती मोडली होती. उभी राहिली, पुन्हा बसकण मारली, पुन्हा उभी राहिली आणि एकाच फळीवर, म्हातारी बाई जिना उतरते तशी जपून जपून खाली आली. खाली गर्दी नुसती ओरडत होती. मग सई म्हणाली, "रिवाइंड." दादा टेपही करत होते हे तिनं पाहिलं होतं. नऊ की दहा वेळा तिनं ते बघितलं, आणि दर वेळी तो वर झालेला हात आला की थांबवायला लावलं. मग वळून म्हणाली, "बाबा, ते ब्लॅक फोम काढा. इट लुक्स लाइक अ वेअरहाउस."

दादांनी एका कोपऱ्याचं फोम ओरबाडून काढलं, मी दुसऱ्या. भिंतीचा रंगही त्याबरोबर निघून आला. सई सोफ्याच्या हाताला धरून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं आणि फरशीवर बदकन पडली. वहिनी किंचाळल्या. दादा जमिनीवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि ओठ इतके आवळले होते की पांढरे पडले होते. सई टीव्हीच्या ट्रॉलीला धरून उठली. घामेजली होती, नाक लाल झालं होतं, पण उठली. त्या दिवशी ती तीनदा पडली. मार्चमध्ये मोसमाची शेवटची शर्यत झाली तेव्हा वेणी चौथी आली आणि सई स्वतःच्या पायांनी शाळेच्या बसमध्ये चढली. ती डावा पाय किंचित ओढत चालायची, अजूनही चालते. वेणी पुढे कधी जिंकली की नाही हे मला आठवत नाही, आणि गंमत म्हणजे सईलाही आठवत नाही.

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दिवस झाले, पाहुणे परतले, आता घरात दोघीच. सई पुण्यात कॉलेजला असते, आणखी आठवडाभर राहून ती परत जाईल. टीव्हीवर शर्यत लागली होती, कुणी मुद्दाम लावली होती की राहून गेली होती ते मी विचारलं नाही. वहिनी चहा करायला उठल्या. मी सईला म्हटलं, काही म्हण, त्या मंगळवारी तुझ्या बाबांनी जे धैर्य दाखवलं, ते मला या जन्मात जमायचं नाही. मला मुलगी आहे, ती खुर्चीवर चढली तरी मी ओरडतो.

सई हसली. "कसलं धैर्य, काका? त्यांनी डोळे मिटले होते."

"कधी?"

"पूर्ण वेळ. मी उभी राहिले तेव्हापासून. मी वर आल्यावर सांगितलं, बाबा, उघडा आता. मग उघडले. प्रत्येक वेळी तसंच. सायकल शिकले तेव्हापण. पुण्याला पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा एअरपोर्टवरपण. ही नेव्हर वन्स सॉ मी फॉल." तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. "हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी डोळे मिटूनच होते. बोलणं तर आधीच बंद झालं होतं. मी कानात म्हटलं, बाबा, उघडा, मी उभी आहे. त्यांनी उघडले. आणि माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, काका. पायांकडे बघितलं."

इतकी वर्षं मी त्यांना घट्ट मनाचा माणूस समजत होतो. तो माणूस प्रत्येक वेळी भीतीनं अर्धमेला होऊन, डोळे मिटून, तरीही पोरीला सोडत होता. मला त्या क्षणी दादा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आवडले.

वहिनींनी चहा आणला. सईनं कपात बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, इथे एका मॉलमध्ये छताखाली खरा बर्फाचा उतार बांधतायत. दादा आजारपणातसुद्धा दर आठवड्याला त्या बांधकामावरून गाडी फिरवायला लावायचे, बाहेर पन्नास आणि आत शून्याखाली, भिंती कोण मढवतंय म्हणून हळहळायचे. पुढच्या सुट्टीपर्यंत तो उघडेल.

"मी जाणार आहे," सई म्हणाली. "पहिल्या दिवशी पडणार, दॅट इज शुअर. आई येते म्हणाली, पण ती खाली कॉफी पीत बसणार, तिला बघवणार नाही. तुम्ही या ना, काका. कुणीतरी बघायला पाहिजे."

मी म्हटलं, येतो.