चौथा फोटो

नंदा पानसे यांच्या हातून आजवर चारशेच्या वर लग्नं जमली आणि त्यांतल्या निम्म्या लग्नांचं त्यांना साधं आमंत्रणही आलं नाही. काम झालं की वधू-वर केंद्राचं नाव घ्यायला माणसांना लाज वाटते. 'आमचं आपलं ओळखीतनंच जमलं' असं चारचौघांत सांगायला बरं असतं. नंदाताईंना त्याचा राग येत नसे. पेढे मात्र निदान पाठवावेत, असं त्यांचं मत होतं.

केंद्र कसबा पेठेत, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत. ते मुळात त्यांच्या आत्याचं, वेणूबाईंचं. वयाच्या चोविसाव्या वर्षी नंदाताई पहिल्यांदा त्या खोलीत आल्या त्या स्वतःचं नाव नोंदवायला. आत्याने त्यांना हिरवी साडी नेसवून फोटो काढून घेतला. खुर्चीत बसून. उभा नाही, कारण नंदाताई पाच फूट आठ इंच, आणि 'बसलेल्या माणसाची उंची कोण मोजतंय' असा आत्याचा हिशेब. पण माहितीच्या कागदावर उंची लिहावीच लागे. फोटो एकतीस घरी गेला आणि एकतीस घरांतून परत आला. कुणी पत्रिकेवर ढकललं, कुणी मुलाला इतक्यात करायचं नाही म्हणाले आणि पुढच्याच महिन्यात त्याचा बार उडवून दिला. 'मुलगी पसंत आहे' असं एकाही घराने कळवलं नाही. बत्तिसाव्या घरी फोटो पाठवायला नंदाताईंनीच नको म्हटलं.

मग त्या आत्याच्या हाताखाली येऊ लागल्या आणि आत्या गेल्यावरही येतच राहिल्या. आता पन्नाशी गाठली होती. कोथरूडला एका सोसायटीत छोटंसं घर, सकाळी अकराची बस, संध्याकाळी सातची बस. एकटेपणाबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. बोलायला कुणीतरी लागतं, आणि घोडं तिथेच अडत होतं.

वेणूआत्याचा एक नेम होता. तीन स्थळं एकत्र पाठवायची नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा. कुणी तीनच मागितली, तर पाकिटात तीन फोटोंबरोबर अक्षतांची एक पुडी चौथी म्हणून घालायची. पुढे ईमेल आली. मुलं पुण्याहून बंगळूरला, बंगळूरहून अमेरिकेला गेली आणि पाकिटं बंद झाली. नंदाताईंनी प्रिंटर आणि स्कॅनर एकत्र असलेलं एक मशीन घेतलं. ते मशीन गुणी होतं. काचेवर चार फोटो ठेवायचे, झाकण लावायचं, एकदाच बटण दाबायचं. मशीन आपणहून ओळखायचं की हे चार वेगळे फोटो आहेत, आणि चार वेगळ्या फायली करून द्यायचं. तिरका ठेवलेला फोटो सरळही करायचं. इतकी समज नंदाताईंना माणसांतही फारशी दिसली नव्हती.

प्रश्न उरला अक्षतांचा. पहिल्या दिवशी त्यांनी काचेच्या कोपऱ्यात चार दाणे ठेवून पाहिले, तर मुलीच्या फोटोशेजारी किडे बसल्यासारखे ठिपके उमटले. तेव्हा चौथा म्हणून फोटोच ठेवायचा असं ठरलं. पण कुणाचा? दुसऱ्या कुणा मुलीचा ठेवला आणि चुकून कुठे गेला, तर आईबाप दारात येऊन बोंब ठोकणार. नंदाताईंनी फोटोंच्या पेटीच्या तळातला स्वतःचाच फोटो काढला. हिरवी साडी, खुर्ची. हा गेला तरी कुणाचं काय जातंय? आठ वर्षं तो फोटो तीन मुलींबरोबर काचेवर पालथा पडत राहिला, आणि स्कॅन झाला की नंदाताई चौथी फाईल पुसून टाकत. त्यात त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

नवव्या वर्षी मशीनचा दिवा गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, 'बाई, याचे पार्ट आता संग्रहालयात शोधा.' म्हणून त्याच कंपनीचं नवं मशीन आलं. ते दिसायला देखणं, वायरशिवाय चालणारं. पण काचेवर चार फोटो ठेवले की त्यांचा एकच मोठा फोटो करून देणारं! चार मुली एकाच चौकटीत, शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या. नंदाताईंनी सगळी बटणं दाबून पाहिली, माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. चाळीस मिनिटं एकच धून ऐकल्यावर सोनाली नावाची मुलगी बोलायला आली.

"मॅम, ते मल्टिपल फोटोचं फीचर नवीन सॉफ्टवेअरमध्ये नाहीये. काढून टाकलंय."

"का?"

"युजरला सोपं जावं म्हणून, मॅम."

"मला सोपंच जात होतं. अवघड कुणी केलं?"

"मॅम, तुम्ही एकेक फोटो स्कॅन करू शकता."

"माझ्याकडे अकराशे फोटो आहेत. आणि वय पन्नास आहे."

"मी तुमची तक्रार वर पाठवते. मॅम, अजून काही मदत करू शकते का?"

"अजून? आधीची कधी केलीत?"

फोन ठेवल्यावर नंदाताईंच्या ध्यानात आलं की इतकं सलग बोलणं त्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या कुणाशीच केलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा तक्रार केली. पुन्हा सोनालीच आली. या वेळी तिने सल्ला दिला, "मॅम, एकत्रच पाठवा ना. बघणारा झूम करून बघेल."

त्याच दिवशी, मंगळवारी, ओगल्यांचं काम निघालं. ओगले कोथरूडचेच, पण ओळख फोनवरचीच. मुलगा अमेरिकेत, संगणकाच्या कंपनीत, पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला. दहा दिवस मुली बघायच्या, तीन दिवसांत साखरपुडा उरकायचा आणि उरलेले दोन दिवस सामान बांधायला. त्यांतले सहा दिवस संपले होते. ओगल्यांनी फोन करून सांगितलं, "नंदाताई, तुमच्या नजरेतली तीन स्थळं तासाभरात पाठवा. मुलगा आत्ता घरी आहे, लगेच बघेल."

नंदाताईंनी तीन मुलींचे फोटो काढले आणि हाताच्या सवयीने चौथाही ठेवला. नेहमीप्रमाणे चौघींची एक चौकट होऊन आली. एकेक पुन्हा स्कॅन करावा, तर दर फोटोला मशीन दोन मिनिटं घुरघुरत बसायचं. तेवढ्यात ओगल्यांचा दुसरा फोन आला, "निघाले का फोटो?" नंदाताईंचं डोकं तापलं. करा म्हणावं झूम! त्यांनी तीच फाईल आणि तिघींच्या माहितीचे तीन कागद जोडले आणि पाठवून दिले. आठ वर्षं हाताने न चुकता पुसलेली चौथी मुलगी त्या दिवशी पुसायची राहिली, कारण पुसायला वेगळी फाईलच नव्हती.

बुधवारी चार वाजता ओगलेबाईंचा फोन आला.

"नंदाताई, आमचं ठरलं हो. चौथी पसंत आहे."

"चौथी?"

"खालच्या कोपऱ्यातली. हिरव्या साडीतली. तिचा कागद जोडायला विसरलात तुम्ही."

नंदाताईंना 'तो फोटो चुकून आला' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. आणि त्यांनी विचारलं भलतंच.

"काय आवडलं हो तुम्हाला तिच्यात?"

"मला तिचं बसणं आवडलं, नीटनेटकं. फोटो जरा जुन्या धाटणीचा वाटतो, पण हल्ली मुली मुद्दामच तसे काढून घेतात म्हणे. उंची काय हो तिची?"

"पाच फूट आठ."

"चालेल की! आमचा सहा फूट आहे. आणि खरं सांगू का, पसंती त्याचीच आहे. बाकीच्या तिघी दिसायला उजव्या आहेत, नाही असं नाही. पण तो म्हणाला, आई, हिच्याशी बोलता येईल असं वाटतं."

खाली दुकानात कुणीतरी पातेलं ठोकून पाहत होतं, तो आवाज त्यांना फार लांबून आल्यासारखा वाटला.

"ऐकताय ना? मग कधी यायचं बघायला? शनिवारी त्याचा मामा येतोय."

"विचारून सांगते," नंदाताई म्हणाल्या. "तासाभरात."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि चालत मंडईत गेल्या. घ्यायचं काहीच नव्हतं. तरी पाव किलो गवार घेतली, कारण मंडईत नुसतं उभं राहिलं की माणसं धक्के देतात. हिच्याशी बोलता येईल. एकतीस घरांतून कुणी कसलंच बरं म्हटलं नव्हतं, रंगाबद्दल नाही की शिक्षणाबद्दल नाही. आणि हा कोण कुठला मुलगा, त्यांचं लग्न वेळेवर झालं असतं तर त्यांच्या मुलाहून फार मोठा नसता, त्याने एका कोपऱ्यातल्या फोटोवरून नेमकं ते ओळखलं जे त्यांना स्वतःबद्दल मनातून ठाऊक होतं. त्यांना बोलायला आवडायचं. फार आवडायचं. मिरच्यांच्या ढिगापाशी त्यांचे डोळे भरून आले. मिरचीवाली म्हणाली, "ताई, पुढे सरका, झोंबतात त्या डोळ्याला."

परत येताना त्यांनी खरं सांगून टाकायचा विचार केला. पण ओगलेबाईंचं तोंड त्या ओळखून होत्या. 'केंद्राच्या बाई आता स्वतःचाच फोटो पाठवतात' हे शनिवारच्या आत अख्ख्या कोथरूडला कळलं असतं, आणि आत्याने चाळीस वर्षं राखलेलं नाव एका दिवसात धुळीला मिळालं असतं. तिचं दुसरीकडे ठरलं म्हणून सांगावं, तर ओगलेबाई विचारणार कुणाशी. आणि तो फोटो कुणाचा नव्हेच असं म्हणायला त्यांची जीभ वळेना. इतक्या वर्षांनी आज कुठे तो कुणाला तरी पसंत पडला होता.

खोलीवर येऊन त्यांनी पंखा लावला, पदराने चेहरा पुसला आणि फोन केला.

"ओगलेबाई, मुलीकडून नकार आहे."

"नकार?" ओगलेबाईंचा आवाज चढला. "अहो, अमेरिकेतला मुलगा आहे! स्वतःचं घर आहे त्याचं तिथे! कारण काय म्हणाली?"

"मुलगा वयाने लहान वाटतो तिला."

"लहान? तीस पूर्ण झालीत त्याला!"

"ते मी सांगितलं. तरी लहानच वाटतो म्हणाली."

"कमाल आहे बाई. स्वतःला समजते तरी कोण?"

"तशी ती साधी आहे हो," नंदाताई म्हणाल्या. "पण तिला फार बरं वाटलं, म्हणाली. मुलाला तेवढं मुद्दाम सांगा, विसरू नका. फार बरं वाटलं तिला."

"सांगते," ओगलेबाई तुटकपणे म्हणाल्या. "त्या वरच्या ओळीतल्या डाव्या मुलीला विचारून ठेवा मग." आणि त्यांनी फोन ठेवला.

नंदाताईंनी वरच्या ओळीतल्या डाव्या मुलीच्या घरी फोन लावला, शनिवारची पाचची वेळ ठरवली आणि वहीत लिहून ठेवली. आणि मग त्यांना हसू आलं. आधी नुसतं ओठांवर, मग खांदे हलू लागले, मग टेबलावर हात टेकून त्या मोठ्याने हसल्या. पन्नाशीच्या बाईने अमेरिकेतल्या तिशीच्या मुलाला नकार दिला, आणि तोही वय कमी म्हणून! असली गंमत जन्मात कधी झाली नव्हती. हसतहसत ती सांगण्यासाठी त्या खुर्चीतून वळल्या. खोलीत कुणीच नव्हतं.